अर्धा बुडबुडा डावीकडे

गाडी मागे घेणारा माणूस दिसला की आपल्याकडे कोणीतरी हटकून तिच्यामागे जाऊन उभा राहतो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ सुरू करतो. त्याची गाडीवाल्याशी ओळख नसते, कित्येकदा त्याला स्वतःला गाडी चालवता येत नसते, आणि तो निघालेला असतो तिसऱ्याच कामाला. पण एवढं मोठं धूड आपल्या हाताच्या इशाऱ्यावर हलतंय यात त्याला जे समाधान मिळतं, ते घरी बायकोमुलांनी कधी मिळू दिलेलं नसतं. शेवटी ‘धप्प’ असा आवाज येतो, तो ‘बास’ म्हणतो आणि निघून जातो.

ही विद्या आम्ही अमेरिकेत नेली.

आमचे चिरंजीव सॉल्ट लेक सिटीत असतात. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो, आणि आमच्याबरोबर हिची ताई व ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडू नाना, असेही आले. नानांनी नोकरीची पस्तीस वर्षं कालवे खणण्यात घालवली. कालव्याला पाच हजारात एक उतार कसा द्यायचा हे ते झोपेतही सांगतात, आणि ताईंच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतच जास्त सांगतात. चिरंजीवांनी यलोस्टोनचा बेत आखला. 1872 साली झालेलं हे राष्ट्रीय उद्यान त्यांच्या घरापासून पाचेक तासांवर. हॉटेलांचे भाव बघून सूनबाईने सुचवलं, आपण आरव्ही भाड्याने घेऊ.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. पुढे ट्रकचं तोंड, मागे बिछाने, शेगडी, फ्रिज, सिंक, न्हाणीघर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पोटमाळा. पोटमाळ्यावर कोण झोपणार यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

भाड्याने देणाऱ्या मुलाने शेगडी पेटवून दाखवली, सांडपाण्याचा पाइप दाखवला, आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पिवळ्या ठोकळ्यांची एक पिशवी हातात दिली. ‘गाडी उभी कराल तिथे आधी ती समतल करून घ्या,’ एवढंच तो म्हणाला. एखाद्याला जाता जाता ‘वेळ मिळाला तर हिमालय चढून या’ म्हणावं, त्या सुरात.

समतल कशासाठी, हा प्रश्न मला पडला होता. आमचं स्वतःचं घर चाळीत होतं तेव्हा खोलीच्या या कोपऱ्यात सांडलेलं दूध त्या कोपऱ्यात जाऊन पुसावं लागे. कोणाचं काही अडलं नाही. पण नानांना ड्रॉवरमध्ये फ्रिजची माहितीपुस्तिका सापडली, आणि प्रवासभर ते ती मोठ्याने वाचत राहिले.

त्यातला मजकूर असा, की आरव्हीतल्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया आणि पाणी. खालून गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर लावायचा. म्हणजे विस्तव पेटवून बर्फ करायचा. ताईंनी हे ऐकून हात जोडले. 1922 साली स्टॉकहोममधल्या फॉन प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हा फ्रिज शोधून काढला. पुढे आइनस्टाइननी शिलार्ड या सहकाऱ्याबरोबर असाच फिरते भाग नसलेला एक फ्रिज तयार केला आणि 1930 मध्ये त्याचं अमेरिकन पेटंटही घेतलं. हे शेवटचं वाक्य नानांच्या स्वतःच्या माहितीतलं. ‘सापेक्षतावाल्यालासुद्धा शेवटी दूध नासायची काळजी असतेच,’ हिने म्हटलं.

मुद्दा असा, की या फ्रिजमध्ये द्रव फिरवायला पंप नाही. द्रव आपल्या वजनाने उतारावरून खाली येतो. गाडी तिरकी उभी राहिली की नळ्यांमध्ये तो भलतीकडे तुंबतो, खालचा भाग तापत राहतो, आतल्या क्षाराचे खडे बनतात, नळी बंद, फ्रिज कायमचा बाद. आडवा तीन अंश, लांबीत सहा अंश, याहून जास्त कल चालत नाही. गंमत म्हणजे गाडी डोंगराच्या वळणांवर हिंदकळत चालली असेल तर त्याची तक्रार नसते, कारण द्रव हलता राहतो. उभी केली की नखरे. अशी माणसंही आपण पाहिलेली आहेत.

आता, त्या फ्रिजमध्ये श्रीखंड होतं. सूनबाईने रात्रभर चक्का टांगून, केशर घालून केलेलं, सहा माणसांना पुरेल असं. त्यामुळे स्वीडनच्या त्या दोन विद्यार्थ्यांचा प्रश्न एकदम घरचा झाला.

संध्याकाळी आम्ही यलोस्टोनच्या पश्चिम दरवाज्याबाहेरच्या एका आरव्ही पार्कात पोचलो. आमच्या वाट्याला आलेली जागा एका ओढ्याच्या काठाला होती आणि तिचा कल ओढ्याकडे होता. नानांनी खाली उतरून एक नजर टाकली आणि ‘झकास उतार!’ अशी पहिली प्रतिक्रिया दिली. जुनी सवय.

आजूबाजूला खुर्च्या टाकून मंडळी बसलेली. अमेरिकेतल्या आरव्ही पार्कात संध्याकाळी दुसरी करमणूक नसते. नवी गाडी आत शिरली की सगळे खुर्च्या तिच्याकडे वळवतात, कुत्र्याला मांडीवर घेतात आणि पेयाचा डबा फोडतात. कोणी हसत नाही. अगदी मन लावून बघतात.

चिरंजीव स्टेअरिंगशी. बाकी आम्ही पाच जण खाली. पाचही जणांनी आपापली जागा घेतली आणि एकाच वेळी सुरुवात केली.

“येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...”

“अरे, डावीकडे घे!”

“डावीकडे नको, झाड आहे!”

“झाड उजवीकडे आहे.”

“माझ्या डावीकडे आहे.”

“थांब! नाही, ये. ये म्हणतेय ना! थांब!”

चिरंजीवांनी काच खाली केली. “बाबा, एकानेच सांगा ना!”

“मी एकटाच सांगतोय,” नाना म्हणाले, “बाकीचे उगाच बोलतायत.”

डावी-उजवी कोणाची धरायची, ड्रायव्हरची की त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलेल्याची, या प्रश्नावर बराच वेळ गेला. शेवटी सूनबाईने तोडगा काढला. एक ‘श्रीखंडाची बाजू’ आणि दुसरी ‘ओढ्याची बाजू’. यानंतर एकदाही गोंधळ झाला नाही. नकाशे काढणाऱ्यांनी विचार करावा अशी ही पद्धत आहे.

मग कल मोजण्याचा कार्यक्रम. चिरंजीवांनी फोनमधलं अ‍ॅप उघडून फोन टेबलावर ठेवला. दोन अंश. सूनबाईने आपला ठेवला. एक अंश. माझ्या फोनने चार दाखवले. माझाच फोन सगळ्यात प्रामाणिक असावा असं मला वाटलं, पण सूनबाईने तो उचलून पाठीमागचा कॅमेऱ्याचा उंचवटा दाखवला. फोन स्वतःच तिरका बसला होता. “बाबा, कॅमेरा भारी असला की कल वाढतो,” ती म्हणाली. नवीन फोन घेताना दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं.

नाना एवढा वेळ गप्प होते. मग त्यांनी आपली बॅग उघडली आणि आतून, मोजे आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरणीच्या मधून, नऊ इंची पाणसळ काढली. गवंड्याची, अ‍ॅल्युमिनियमची, मधे हिरव्या काचेत बुडबुडा असलेली. हा माणूस पुण्याहून पाणसळ घेऊन आला होता. विमानतळावर लोणचं सुटलं आणि पाणसळ मात्र उलटीसुलटी करून बघितली, असं ताईंनी सांगितलं.

पाणसळ टेबलावर ठेवली.

“बुडबुडा डावीकडे आहे,” मी म्हटलं.

“श्रीखंडाकडे म्हणा,” सूनबाई.

“म्हणजे श्रीखंडाची बाजू उचला,” हिने निकाल दिला.

“अगं, बुडबुडा उंच बाजूला जातो. ती बाजू आधीच उंच आहे. ओढ्याची उचलायची.”

“मग तो ओढ्याकडे का जात नाही?”

“उचलल्यावर जाईल.”

“मग आधी उचला, तो कुठे जातो ते बघू, आणि मग भांडू.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पाणसळ टेबलावर एक सांगत होती, जमिनीवर दुसरं, ओट्यावर तिसरं आणि पलंगावर तर बुडबुडा मधोमध बसला होता, कारण गादी खचली होती. नानांनी गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून प्रत्येक ठिकाणी बघितलं, उठले आणि म्हणाले, “घरच वाकडं बांधलंय.” शेवटी प्रमाण म्हणून फ्रिजची तळफळी धरावी असं ठरलं. त्यासाठी श्रीखंडाचा डबा बाहेर काढावा लागला. बाहेर काढल्यावर तो परत आत जाईपर्यंत जरा हलका झाला, हे मी नमूद करतो, कोणाचं नाव घेत नाही.

नानांनी हिशेब केला. दोन बाजूंच्या चाकांत सहा फूट अंतर. एका बाजूला एक इंच ठोकळा दिला की पाऊण अंशाहून थोडं जास्त उचललं जाईल. म्हणजे ओढ्याच्या बाजूला तीन ठोकळे. हिशेब बरोबर होता. कागदावरचे कालवे नेहमीच वाहतात.

प्रत्यक्षात पाचेक टनांची गाडी त्या तीन इंची चबुतऱ्यावर चढवायची आणि बरोबर वर असतानाच थांबवायची, हे काम आहे. हळू गेलं तर चाक चढत नाही. जोरात गेलं तर चढून पलीकडे उतरतं. चिरंजीवांनी आधी हळू नेलं. ठोकळा चाकाखालून निसटून ओढ्यात गेला. बाहेर काढायला मी गेलो. पाणी बर्फाचं होतं, उन्हाळा फक्त वर होता. मग त्यांनी जोरात नेलं. गाडी ठोकळ्यांवर चढली, नानांनी दोन्ही हात वर करून ‘बाऽऽस’ म्हटलं आणि त्या ‘बाऽऽस’मधला ‘स’ येईपर्यंत ती पलीकडे उतरलेली होती. आतून ताट, वाट्या आणि ताई असा आवाज आला. ताई मधेच वर जाऊन चहा ठेवत होत्या.

शेजारच्या खुर्च्यांतून एक हलकासा उसासा उमटला. सहानुभूतीचा.

मग लक्षात आलं की मागच्या बाजूला प्रत्येकी दोन-दोन चाकं जोडलेली आहेत, एक बाहेर, एक आत. नानांनी ठोकळे फक्त बाहेरच्याखाली लावले होते. दोन्हींखाली हवेत, नाहीतर सगळा भार एकट्या टायरवर येतो. आतल्या चाकाखाली ठोकळा लावायला कोणीतरी गाडीखाली सरपटत जायला हवं. पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याला गाडीखालचंही कळतं, असा काही समज असावा.

मी खाली असताना बुटांची एक अनोळखी जोडी येऊन उभी राहिली. मग कुत्र्याचे पाय. शेजारच्या मोठ्या बसचा मालक होता. त्याची गाडी आपल्या एसटीएवढी लांब. चकचकीत.

“पहिलीच वेळ?” त्याने विचारलं.

“नो, नो,” नाना म्हणाले, “थर्टी-फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स.” कशाचा, ते सांगितलं नाही.

तो माणूस भलताच भला निघाला. त्याने सांगितलं, आधी आडवा कल काढा, मग चाकांना मागेपुढे अडसर लावा, आणि मगच पुढचं. उलट केलंत तर सगळं परत करावं लागतं. गाडीच्या कोपऱ्यांना जे पातळ पाय असतात, ते फक्त डुगडुग थांबवायला, त्यांनी गाडी उचलायची नाही. नंतर त्याने आपली बस दाखवायला नेलं. स्टेअरिंगशेजारी एक बटण. दाबलं की पोटाखालून चार हायड्रॉलिक पाय निघतात, ‘स्स्स्’ करतात, आणि बस आपोआप सपाट. नानांच्या चेहऱ्यावरची कळा मी पाहिली. पस्तीस वर्षांचा अनुभव एका बटणात.

“ही बस इंडियानातल्या एल्खार्ट गावची,” तो अभिमानाने म्हणाला. “अमेरिकेतल्या आरव्ही उद्योगाचं माहेरघर. तिथे आरव्हीचं हॉल ऑफ फेमसुद्धा आहे.”

“तिथे मागे उभं राहून इशारे करणाऱ्याचा पुतळा आहे का?” नानांनी विचारलं. मला भाषांतर करायला सांगितलं. मी केलं. तो विचारात पडला. नसावा बहुतेक.

पण खरी गोष्ट पुढे घडली. बटण दाबून झाल्यावर, आम्ही निघालोय असं समजून, त्याने ड्रॉवरमधून सुपारीएवढी एक गोल पाणसळ काढली आणि टेबलावर ठेवून वाकून बघितली. मग स्टेअरिंगशी जाऊन पुन्हा बटण दाबलं. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, त्याचा मतलब असा, की अजून माझ्या उशाकडची बाजू खाली आहे. त्याने परत बटण दाबलं. नाना एकदम ताजेतवाने झाले. त्यांनी आपली नऊ इंची आणून दिली. दोघं वृद्ध गृहस्थ गुडघे टेकून, माना तिरक्या करून एकाच बुडबुड्याकडे बघत बसले. भाषेची अडचण कुठे आलीच नाही.

त्याच्या दारात एक पायपुसणं होतं. त्यावर छापलेलं: गाडी लावताना मी जे काही बोललो त्याबद्दल माफ कर. असली पायपुसणी आणि टी-शर्ट अमेरिकेत दुकानांत तयार मिळतात. म्हणजे मागणी किती असेल ते बघा. हिने तिथल्या तिथे चिरंजीवांना विचारलं, “हे मराठीत छापून मिळेल का रे? आणि ‘गाडी लावताना’ हे शब्द काढून?”

अंधार पडेपर्यंत बुडबुडा जवळजवळ मधे आला. अर्धा बुडबुडा डावीकडे राहिला. सगळ्यांना तो मान्य होता, नानांना नव्हता. जेवताना ते वाटीतल्या आमटीकडे बघत होते. रात्री कधीतरी पोटमाळ्यावरून मला टॉर्चचा उजेड दिसला. ते फ्रिजसमोर पाणसळ लावून उभे होते. मी काही बोललो नाही, कारण मीही श्रीखंडासाठीच उतरत होतो.

सकाळी ताईंनी घावनं घातली. इथे मला जरा थांबायला हवं, कारण घावन ही काय चीज आहे ते फोनवर कल मोजणाऱ्यांना ठाऊक नाही. तांदळाचं पीठ पाण्यासारखं पातळ भिजवायचं, तापलेल्या तव्यावर वाटीने भोवतीने ओतायचं, उलथनं न लावता. तवा सपाट असेल तर ते सगळीकडे सारखं धावतं आणि जाळी पडते. तवा कणभर जरी कलता असेल तरी पीठ खालच्या कडेला जाऊन साचतं. तिथे लुसलुशीत, कच्चं. वरच्या कडेला कागदासारखं, करपलेलं. पहिलं घावन उतरलं. ताईंनी ते दिव्यासमोर धरलं. ओढ्याच्या बाजूला जाळी, श्रीखंडाच्या बाजूला गोळा.

“काय हो,” त्या म्हणाल्या, “तुमचा बुडबुडा श्रीखंडाची बाजू उंच म्हणतोय ना? मग पीठ वर कसं चढलं?”

नाना पाणसळ घेऊन आले, ठेवली, बघितली. अर्धा बुडबुडा डावीकडेच. परत घावन, परत गोळा तिथेच. आता पाणसळ खोटी की घावन, या पेचावर चौघांनी चार मतं दिली. मग ताईंनी तवा उचलून शेगडीची जाळी बघितली. कालच्या धक्क्यात तिचा एक पाय खोबणीतून निघाला होता. तो बसवला आणि तिसरं घावन असं जाळीदार उतरलं की शेजारचा बसवाला वास घेत आला. त्याला दोन दिली. “अर्ध्या बुडबुड्याने घावनाला काही होत नाही,” ताईंनी जाहीर केलं. नानांनी त्यानंतर तो विषय काढला नाही. माझ्या मते कालव्यांच्या कामावर पूर्वी एखादी कोकणातली बाई असती तर बराच सर्व्हे वाचला असता.

पुढे यलोस्टोनच्या आत नियमांची पाटी दिसली. बायसनपासून 25 यार्ड लांब राहा, अस्वलापासून आणि लांडग्यापासून 100 यार्ड. मागे येणाऱ्या आरव्हीपासून किती, ते लिहिलेलं नव्हतं. आत जिथे जिथे गाडी थांबली तिथे तिथे नाना आधी उतरायचे, जमिनीकडे बघायचे, मग गरम पाण्याच्या झऱ्याकडे. ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं उडायची वेळ झाली, लोक श्वास रोखून उभे, आणि नाना बाकावर पाणसळ ठेवून बघतायत. बाक सपाट होता. त्यांना खूप बरं वाटलं.

गाडी परत करायला गेलो तेव्हा त्या मुलाने तपासणी केली, ठोकळे मोजले, ओला एक वेगळा ठेवला. नानांनी त्याला विश्वासात घेऊन सांगितलं की आम्ही फ्रिज तीन अंशांच्या वर एकदाही जाऊ दिला नाही. त्याने फ्रिजचं दार उघडून आतलं लेबल दाखवलं. हा कॉम्प्रेसरचा फ्रिज होता, बॅटरीवर चालणारा. ड्रॉवरमधली पुस्तिका कुठल्यातरी जुन्या गाडीची राहून गेलेली.

“मग ठोकळे कशाला दिलेत?” ताईंनी विचारलं.

“झोपताना डोकं खाली जाऊ नये म्हणून,” तो म्हणाला.

हल्ली बऱ्याच नव्या आरव्हींमध्ये असा कॉम्प्रेसरचाच फ्रिज येतो आणि त्याला उतार चालतो. तेव्हा भाड्याने घ्यायची असेल तर फ्रिज कोणता ते आधी विचारून घ्या, ठोकळे मागच्या चारही चाकांना पुरतील इतके मागून घ्या, आणि ‘येऊ द्या’ म्हणायला एकच माणूस नेमा. साडू बरोबर असतील तर तिसरी सूचना सोडून द्या.